निळ्या टोपीची नळी

चौतीस वर्षं मी जबलपूरच्या सदर बाजारात लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधला, मूठ आवळायला लावली आणि शीर शोधली. मिलिटरीतले धिप्पाड जवान सुई पाहून घामाघूम झालेले पाहिले, आणि पाच वर्षांच्या पोरी सुई आत जाताना टक लावून बघत बसलेल्याही पाहिल्या. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, रामटेके ताई, लॅबमधले गमतीचे किस्से लिहा, लोकांना हलकंफुलकं आवडतं. मी हो म्हटलं. लिहायला बसले तर गमतीचे दोन-तीनच आठवले. त्यांच्या मागून जे आठवत गेलं त्यात गंमत नव्हती, पण लिहायचंच तर तेच लिहावं असं ठरवून बसले आहे.

आधी काम काय ते सांगते. आमची लॅब दोन खोल्यांची. पुढच्या खोलीत बाक आणि माझी खुर्ची, मागच्या खोलीत यंत्रं. मालक डॉक्टर साहेब संध्याकाळी येत, रिपोर्ट तपासत आणि सही करत. दिवसभर लॅब माझ्याच ताब्यात. काढलेलं रक्त वेगवेगळ्या रंगांच्या टोपीच्या नळ्यांत भरायचं असतं. जांभळी टोपी हिमोग्लोबिनसाठी, लाल कोलेस्टेरॉल वगैरेसाठी, करडी साखरेसाठी. निळ्या टोपीची नळी वेगळी. रक्त किती वेळात गोठतं हे तिच्यातून कळतं. तिच्यात आधीच थोडं औषध भरलेलं असतं, म्हणून रक्त बरोबर रेघेपर्यंत भरावं लागतं. रक्त कमी पडलं तर औषधाचं प्रमाण जास्त होतं आणि यंत्र उगाच सांगतं की या माणसाचं रक्त फार उशिरा गोठतंय. असा आकडा आला की अनुभवी माणूस आधी नळीकडे बघतो आणि मग रोग्याकडे.

लोकांना आमच्या कामातलं एकच माहीत असतं, उपाशीपोटी यायचं. त्याचेही अर्थ प्रत्येकाचे वेगळे. शहपुऱ्याचा एक मटारचा व्यापारी पहिल्या बसने यायचा. काही खाल्लं का विचारलं तर ठामपणे नाही म्हणायचा. ओठाला शेव चिकटलेली दाखवली की म्हणायचा, "दीदी, वो तो पोहा था, खाना थोड़ी था." भेडाघाटला संगमरवराच्या मूर्ती घडवणारा एक कारागीर होता. त्याच्या हाताच्या शिरा इतक्या ठसठशीत की पट्ट्याची गरज नसे, पण तो येताना बायकोला घेऊन यायचा आणि सुई टोचताना तिचा पदर धरून बसायचा. दिवसभर छिन्नी-हातोडा चालवणारा माणूस. बायको माझ्याकडे बघून हसायची आणि मीही हसायचे.

डॉक्टर साहेबांनी पहिल्याच दिवशी मला एक नियम सांगितला होता. रिपोर्ट द्यायचा आणि तोंड बंद ठेवायचं. चांगलं की वाईट, काय खा, काय सोडा, हे रोग्याला त्याचा डॉक्टर सांगेल. हा नियम ऐकायला सोपा आहे. पण रोगी कागद हातात घेतल्यावर कागद वाचतच नाही, तो तुमचा चेहरा वाचतो. वीस-बावीस वर्षं मी चेहरा सांभाळला. मग सुभेदार साहेब आले आणि माझी जीभ सुटली.

छत्तीसगड वेगळं होऊन काही वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. सुभेदार साहेब रिटायर होऊन सदरलाच राहायचे. पोरगा फौजेत, लडाखला. साहेबांचं कोलेस्टेरॉल चढलेलं, त्यामुळे दर तीन महिन्यांनी आमच्याकडे यायचे. एकदा त्यांनी खिशातून छोटी बाटली काढली. आत केशरी रंगाचं घट्ट तेल. लडाखच्या थंड वाळवंटात एक काटेरी झुडूप उगवतं म्हणे, त्याला वाटाण्याएवढी आंबट बोरं लागतात, तिकडे त्याला छरमा म्हणतात. त्या बोरांचं हे तेल. पोराने सुट्टीवर येताना आणलं होतं. दिल साफ, खून साफ, असं साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले. तीन महिन्यांनी त्यांचा रिपोर्ट खरंच चांगला आला. त्यानंतरचा आणखी चांगला.

आता खरं सांगायचं तर साहेबांनी त्याच काळात खोवा जलेबी सोडली होती आणि सकाळी परेड ग्राउंडला दोन फेऱ्या मारायला लागले होते. मला ते माहीत होतं, त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. तरी मला ते तेल आवडलं. आयुष्यभर मी लोकांच्या रक्तात काय बिघडलं तेवढंच पाहिलं होतं, आणि इथे एक माणूस माझ्या डोळ्यांसमोर सुधारत होता. तो कशाने सुधारला हे मीच पहिल्यांदा पाहिलं, असा एक शहाणपणा माझ्या डोक्यात शिरला. पुढे त्याच तेलाच्या कॅप्सूल शहरातल्या दुकानांत मिळायला लागल्या. कुणी कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट घेऊन तोंड पाडून उभं राहिलं की मी आवाज खाली करून सांगायचे, एक साहेब आहेत आमचे, ते बोराचं तेल घेतात, बघा जमलं तर. मी डॉक्टर नव्हते. पण माझ्या अंगावर पांढरा कोट होता आणि हातात त्यांचाच रिपोर्ट होता, त्यामुळे माझ्या बोलण्याला लॅबचा शिक्का लागायचा. हे तेव्हा मला कळत होतं आणि सुखावतही होतं.

विमलमावशी आमच्या मोहल्ल्यातल्या. त्यांचं माहेर भंडाऱ्याकडचं, आमचंही मूळ गाव तिकडचंच, म्हणून त्या मावशी. काका फॅक्टरीतून रिटायर होऊन वारले होते. मुलगा संजय बँकेत. विहारात दर रविवारी बुद्धवंदना आणि तिचा मराठी अर्थ मावशी सांगायच्या. त्यांचा आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू जायचा. लहान पोरं त्यांच्या मागून म्हणत म्हणत मराठी उच्चार शिकली. घरात हिंदी बोलणारी आमची पोरं, मराठी तेवढी मावशींच्या तोंडून ऐकायची.

त्यांच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. नागपूरला ऑपरेशन करून धातूची झडप बसवली. अशी झडप बसली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते, नाहीतर झडपेवर गुठळी धरते. गोळी जास्त झाली तर उलट, कुठेही रक्त वाहायला लागतं आणि थांबत नाही. म्हणून दर महिन्याला निळ्या टोपीच्या नळीतून तपासणी. तुमच्या-माझ्या रक्ताचा आकडा एकच्या आसपास असतो. मावशींचा अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा होता. दोन वर्षं तो मी तिथे ठेवला, म्हणजे ठेवला डॉक्टरांनी, पण मला वाटायचं की मीच ठेवला.

एक दिवस लॅबमध्ये बाकावर बसून मावशींनी सुभेदार साहेबांची सगळी कथा ऐकली. साहेब निघून गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "वंदना, हे तेल मी घेऊ काय वं? हृदयासाठी चांगलं आहे म्हणते."

मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधत होते. वर न बघता म्हटलं, "घ्या ना मावशी. फळाचंच तर तेल आहे. नुकसान काय होणार आहे?"

हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा मनात म्हटलं आहे की आता ते माझं वाटत नाही. ज्या बाईचं रक्त गोळीने तोलून धरलंय, तिला दुसरं काहीही सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारायला सांगायचं, हे तेव्हाही मला माहीत होतं. आमच्या भिंतीवर तसा कागदच लावलेला होता, मीच चिकटवलेला.

त्यानंतर महिन्याभराने दसरा होता. विजयादशमीला आमच्यातले बरेच लोक नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. मावशी लग्न होऊन जबलपूरला आल्यापासून एकही वर्ष चुकल्या नव्हत्या, पण ऑपरेशनमुळे लागोपाठ दोन वर्षं डॉक्टरांनी गर्दीत जाऊ दिलं नव्हतं. या वर्षी परवानगी मिळाली होती. मोहल्ल्याने बस ठरवली होती. पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी त्या तपासणीला आल्या, त्याही माझ्याच आग्रहावरून, कारण महिन्याची तारीख झाली होती.

शीर लवकर सापडेना. दुसऱ्यांदा टोचलं तेव्हा रक्त आलं, पण मध्येच थांबलं. निळी नळी रेघेपर्यंत भरली नाही. अगदी थोडी कमी पडली. तिसऱ्यांदा टोचावं तर त्यांच्या हातावर आधीच निळा डाग उमटायला लागला होता. त्यांना बायकांसाठी पुऱ्या करायला घरी जायचं होतं. मी म्हटलं, होऊन जाईल एवढ्यात, जा तुम्ही.

दुपारी यंत्राने आकडा दिला. साडेसात.

मी नळी उचलून उजेडात धरली. रक्त रेघेच्या खाली होतं. मला हायसं वाटलं. नळी कमी भरली म्हणून आकडा चढला, दुसरं काय. अशा वेळी काय करायचं हे मी नव्या मुलींना शेकडो वेळा शिकवलं होतं. नमुना टाकून द्यायचा, रोग्याला त्याच दिवशी परत बोलवायचं, आणि आकडा एवढा मोठा असेल तर खोटा समजूनसुद्धा डॉक्टरला फोन करायचा. हातावरचा डाग मी पाहिला होता. तेलाचं मला माहीत होतं. एक-एक गोष्ट माझ्यासमोर होती आणि मी त्या एकत्र केल्या नाहीत. काहून केल्या नाहीत, तर मला त्या करायच्या नव्हत्या. फोन केला असता तर डॉक्टरांनी बस रद्द करायला लावली असती. तिसऱ्या वर्षी पुन्हा मावशींना घरी बसा म्हणून मला सांगावं लागलं असतं.

मी रजिस्टरमध्ये लिहिलं, नमुना अपुरा, पुन्हा द्यावा. साडेसात हा आकडा बाजूला पेन्सिलने लिहिला आणि नंतर खोडला. रिपोर्ट छापलाच नाही, त्यामुळे संध्याकाळी डॉक्टर साहेबांसमोर सहीला गेलाच नाही. घरी जाताना मावशींच्या दारात थांबले. आतून तळणाचा वास येत होता, चार-पाच बायका पुऱ्या लाटत होत्या. मावशी पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या.

"काय आलं वं रिपोर्टात?"

"रक्त कमी पडलं मावशी. नागपूरहून आल्यावर परत देजा."

"ठीक आहे ना पण? जाऊ ना मी?"

मी म्हटलं, "जा."

दसऱ्याच्या दिवशी दुपारी संजयचा फोन आला. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर चालताना मावशींना जोरात डोकं दुखलं, उलटी झाली आणि उजवी बाजू लुळी पडली. लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्तस्राव होता. संजयही बसच्या मागून रेल्वेने नागपूरला आलेला होता. फोनवर त्याचा श्वास लागत होता. "दीदी, डॉक्टर पूछ रहे हैं, आई का लास्ट रिपोर्ट क्या था? जल्दी बताओ."

माझ्या तोंडातून निघालं, "पिछले महीने तीन था बेटा. इस बार सैंपल कम पड़ गया था."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. दवाखान्याने त्यांची स्वतःची तपासणी तोवर केली होतीच, आठच्या वर आकडा होता. मी साडेसात सांगितले असते तरी उपचार तोच झाला असता, हे मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. पण मी सांगितले नाहीत ते मावशींच्या उपचारात फरक पडणार नाही म्हणून नव्हे. मी घाबरले होते.

मावशी वाचल्या. तीन आठवड्यांनी घरी आल्या. उजवा हात गेला आणि वाचा गेली. दुसऱ्याचं बोलणं सगळं समजायचं, स्वतःचं काही बाहेर यायचं नाही. नागपूरच्या डॉक्टरांना त्यांच्या पिशवीत त्या केशरी कॅप्सूल सापडल्या होत्या. ते संजयला म्हणाले, अशी तेलं रक्त थोडं पातळ करू शकतात, एकटी घेतली तर फारसं बिघडत नाही, पण आईच्या गोळीबरोबर द्यायला नको होती. नक्की त्यानेच झालं का, ते त्यांनाही ठामपणे सांगता येत नव्हतं. संजय मला हे सांगत होता आणि म्हणत होता, आजकाल सगळेच असलं काहीतरी खातात, आईने टीव्हीवर पाहिलं असेल. मावशींनी माझं नाव घरी सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगायची गरज पडली नसेल, आणि आता सांगता येत नव्हतं.

लॅबमध्ये मी बदलले. रजिस्टरमध्ये एक जास्तीचा रकाना आखला आणि येईल त्याला विचारायला लागले, गोळ्या कोणत्या, तेल, चूर्ण, काढा, काही घेता का. लोक वैतागायचे. सुभेदार साहेबांना मी सांगितलं की तुमच्या तेलाबद्दल मला काही माहीत नाही आणि मी आधी जे बोलले ते बोलायला नको होतं. ते दुखावले. त्यांना वाटलं, दीदी बदलल्या, आता तारीफ करत नाहीत. तेल वाईट आहे असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. ते हृदयाला चांगलं असेलही, त्यावर अभ्यास करणारे लोक आहेत, त्यांनी सांगावं. माझा धंदा शीर शोधण्याचा आणि नळी रेघेपर्यंत भरण्याचा होता, आणि तेवढंही मी त्या दिवशी नीट केलं नाही.

पुढची चार वर्षं मावशींचं रक्त घ्यायला मी दर महिन्याला त्यांच्या घरी गेले. विहारातल्या बायका म्हणायच्या, वंदना पोटच्या पोरीसारखं करून राहिली. रविवारची बुद्धवंदना आता दुसऱ्या एक बाई सांगायच्या. मावशी पुढच्या रांगेत खुर्चीवर बसायच्या आणि त्यांचे ओठ हलायचे. मी मागे बसायचे, म्हणजे मला ते दिसू नये.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी घरात कुणी नव्हतं. मी पिशवी उघडली, सुई बाहेर काढली आणि परत ठेवली. मग मावशींना सगळं सांगितलं. साडेसात आकडा आला होता. मला नळीचं कारण मिळालं आणि मी ते धरून ठेवलं. तुमची बस चुकू नये म्हणून गप्प बसले. तेलाचंही मीच म्हटलं होतं. संजयला यातलं काही माहीत नाही. मी रडत होते, पण रडणं थांबेपर्यंत थांबले नाही, सगळं बोलून टाकलं.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला, मग दुसरा. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. दोन-तीनदा प्रयत्न केला, मान हलवली, डोळे मिटले. मग त्यांनी डावा हात माझ्यासमोर आडवा ठेवला. तपासणीचा दिवस होता म्हणून ठेवला, की मला काही सांगायला ठेवला, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी पट्टा बांधला आणि रक्त घेतलं. निळी नळी रेघेपर्यंत भरली.

घरी येताना मला हलकं वाटत होतं. दोन दिवस तसं वाटलं. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की या सगळ्या जगात उत्तर देऊ न शकणारा एकच माणूस होता आणि मी कबुली द्यायला बरोबर त्यालाच निवडलं होतं. ज्याला राग येऊ शकत होता, जो मला दारातून बाहेर काढू शकत होता, तो संजय संध्याकाळी बँकेतून येऊन मला चहा करून द्यायचा.

मावशी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. संजय अजून भेटतो. त्याच्या मुलीच्या लग्नात त्याने पाहुण्यांशी माझी ओळख करून दिली, "ये वंदना दीदी हैं. आई के लिए जितना इन्होंने किया, उतना सगे भी नहीं करते." मी नमस्कार केला आणि जेवायच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

म्हणून हे लिहिलं. आज सकाळी शेवटचं पान लिहून झाल्यावर चष्मा काढून बसले आणि वाटलं, चला, आता अंक छापून येईल, संजयच्या घरीही जाईल, तो वाचेल आणि जे व्हायचं ते होईल. मग हसूच आलं स्वतःचं. संजय मराठी वाचत नाही. अंक त्याच्याकडे दरवर्षी जातो, वर्गणीदार आहे तो, पण मुखपृष्ठ बघून टीव्हीखाली ठेवून देतो. बोललेलं तेवढं त्याला कळतं.

संपादकबाईंना मी विनंती केली आहे की हा लेख आठवडाभर थांबवा. रविवारी मी हे कागद घेऊन त्याच्याकडे जाणार आहे आणि त्याला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवणार आहे. तुमच्या हातात हा अंक आला असेल, तर मी ते वाचलं, एवढं समजा.